‘उभी शेती’ : एका शब्दाचा अर्थविचार

इयत्ता चौथीतील शेतकऱ्याच्या मुलास ‘उभी शेती म्हणजे काय?’ असा प्रश्न विचारला, तर ‘अजून कापणी न झालेली’ असे उत्तर तो क्षणाचाही विचार न करता देईल. त्याला चूक म्हणता येणार नाही. उभे पीक, उभा ऊस, गारपिटीने आडवी झालेली उभी ज्वारी हे प्रयोग त्याच्या घरात रोज चालतात. दुसरा एखादा मुलगा उभ्या-आडव्या नांगरटीची आठवण काढील. तेथे ‘उभी’ म्हणजे शेताच्या लांबीच्या दिशेची. तात्पर्य, आपल्या शेतीच्या भाषेत ‘उभा’ या शब्दाला दोन जागा आधीच मिळालेल्या आहेत, आणि वर्तमानपत्रांतून व भ्रमणध्वनीवरील चित्रफितींतून जी ‘उभी शेती’ अलीकडे खेड्यांत येऊन पोहोचली आहे, ती या दोहोंपैकी एकही नव्हे.

मूळ इंग्रजी शब्द ‘व्हर्टिकल फार्मिंग’ असा आहे. त्यास मराठीत कोणी उभी शेती म्हणतात, कोणी ऊर्ध्व शेती, तर कोणी बहुमजली शेती. ‘ऊर्ध्व’ हा शब्द शुद्ध खरा. परंतु खेड्यात तो बहुधा माणसाच्या अखेरच्या श्वासासंबंधीच कानी पडतो. ‘बहुमजली’ हा शब्द मुलांना चटकन समजतो, पण त्यात अर्थाची एकच बाजू येते. संस्कृतातील ‘ऊर्ध्वाधर’ हा शब्द उच्चारास जड असला तरी येथे सर्वांत नेमका आहे. कारण त्यात वरची दिशा आहे आणि खालचीही आहे. या दोन्ही दिशांची गरज का पडते, हे पुढे दिसून येईल.

इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘व्हर्टेरे’ म्हणजे वळणे, फिरणे. त्यावरून ‘व्हर्टेक्स’ म्हणजे भोवरा, आणि पुढे डोक्यावरची ती जागा जेथे केसांचा भोवरा असतो. डोक्याचा माथा, मग कशाचाही माथा, आणि माथ्यापासून पायाशी सरळ येणारी ती ‘व्हर्टिकल’ रेषा, असा हा शब्द चालत आला. पाण्यातील भोवरा व टाळूवरील भोवरा यांना एकच नाव देण्याची सूक्ष्मदृष्टी मराठीतही आहे, ही गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे. आणखी एक नाते याहून जवळचे आहे. दख्खनच्या काळ्या कापसाच्या जमिनीला मृदाशास्त्रज्ञ ‘व्हर्टिसोल’ म्हणतात. उन्हाळ्यात तिला हात हात खोल भेगा पडतात, वरची माती भेगांत पडते, पावसाळ्यात जमीन फुगते आणि खालची माती हळूहळू वर ढकलली जाते. जमीन स्वतःच स्वतःला फिरवते, म्हणून तिला हे नाव. व्हर्टिकल शेतीतला ‘व्हर्ट’ आणि मराठवाड्यातील काळ्या रानाच्या शास्त्रीय नावातला ‘व्हर्ट’ एकच आहेत.

‘व्हर्टिकल फार्मिंग’ या शीर्षकाचे पुस्तक अमेरिकेत १९१५ साली प्रसिद्ध झाले. लेखक गिल्बर्ट एलिस बेली हे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. या पुस्तकात काचेची इमारत नाही, मजले नाहीत, दिवेही नाहीत. बेली यांची शेती खाली जाते. शेतकऱ्याला आपल्या जमिनीची लांबी-रुंदी ठाऊक असते, खोली मात्र ठाऊक नसते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. वीतभर मऊ मातीखाली टणक थर असला, तर मुळे तेथे अडतात, पावसाचे पाणी तेथून वाहून जाते, आणि कागदावर दहा एकर असलेली जमीन पिकाला मात्र वीतभरच मिळते. तेव्हा शेजाऱ्याची जमीन विकत घेण्यापेक्षा आपल्याच जमिनीची खोली दुप्पट करणे अधिक लाभाचे, असे त्यांचे म्हणणे होते. उपाय म्हणून त्यांनी सुरुंग सुचवला. टणक थरात भोके पाडून त्यांत डायनामाइटच्या कांड्या ठेवायच्या आणि थर फोडायचा. हे काम माती कोरडी असतानाच करावे लागे. ओल्या चिकणमातीत स्फोट झाला तर थराला तडे जाण्याऐवजी आत पोकळी होऊन भोवतालची माती अधिकच दाबली जाई. पुस्तकाचे प्रकाशक कोण, हेही सांगितले पाहिजे : ड्यू पाँ ही स्फोटक दारू तयार करणारी कंपनी. विचार खरा होता, आणि त्यामागे मालाचा खपही होता. शेतीविषयक नव्या शब्दाच्या मागे विक्रेता उभा असण्याची रीत ही अशी जुनी आहे.

सुरुंगाची जागा पुढे ट्रॅक्टरमागे ओढल्या जाणाऱ्या खोल नांगराने घेतली, आणि या अर्थाने तो शब्द वापरातून गेला. परंतु त्यातील मुद्दा आपल्या शेतकऱ्याला परका नाही. मुरमाड माळावरची विहीर सुरुंगानेच खोल जाते. वर्षानुवर्षे एकाच खोलीची नांगरट झाली की फाळाच्या टोकाखाली एक कठीण थर तयार होतो. शेतातून जाणारी जुनी गाडीवाट मोडून तेथे पेरले, तरी कित्येक हंगाम त्या पट्ट्यातील पीक खुजेच राहते आणि दुरूनही वाट ओळखू येते. बेली यांचा अर्थ शिकविण्यास यापेक्षा चांगला फळा कोणत्याही शाळेत मिळणार नाही.

आता दिशा बदलते. याच शब्दाने माथ्याकडे पाहण्यास सुरुवात केली, त्यापूर्वी पिकाला मातीतून सोडवावे लागले. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिके यांनी १९२९ च्या सुमारास टोमॅटोची झाडे मातीविना, क्षार विरघळवलेल्या पाण्यावर वाढवून दाखविली. १९३७ साली त्यांनी या पद्धतीसाठी ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द प्रसिद्ध केला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘पाण्याचे श्रम’ असा होतो. भारतात हा प्रयोग फार लवकर आला. १९४६ साली जे. शोल्टो डग्लस यांनी तेव्हाच्या दार्जिलिंग जिल्ह्यातील कालिंपाँग येथे त्यास आरंभ केला आणि पंपांवाचून, वाळू-खडीच्या वाफ्यांत साध्या साधनांनी चालणारी एक रीत बसविली. त्यांचे पुस्तक १९५१ साली प्रसिद्ध झाले, आणि ती रीत ‘बंगाल पद्धती’ या नावाने इतर देशांतही गेली.

मुळे मातीतून सुटल्यावर वाफा कोठेही ठेवता येऊ लागला. १९६४ साली व्हिएन्ना येथील उद्यान-प्रदर्शनात ओथमार रुथनर या अभियंत्याने सुमारे ४१ मीटर उंचीचे काचेचे मनोऱ्यासारखे हरितगृह उभारले. त्यात कुंड्या फिरत्या साखळीवर बसून वर-खाली प्रवास करीत. पुढे १९९९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक डिक्सन डेस्पोमिअर यांनी आपल्या विद्यार्थ्यांसमवेत, शहरातील गच्च्यांवर पीक घेतले तर किती लोक जेवतील, याचा हिशेब मांडला. उत्तर फारच लहान आले. तेव्हा गच्चीच कशाला, खालचे सर्व मजले का नकोत, असा प्रश्न त्यांनी केला. तीस मजल्यांची एक इमारत पन्नास हजार लोकांचे पोट भरील, अशी कल्पना त्यातून पुढे आली. त्यांचे पुस्तक २०१० साली निघाले, आणि ‘व्हर्टिकल फार्म’ या शब्दाला आज रूढ असलेला अर्थ प्राप्त झाला : बंद जागेत, एकावर एक रचलेल्या थरांत, बहुधा मातीविना व दिव्यांच्या प्रकाशावर घेतलेले पीक. निळा प्रकाश देणारा एलईडी दिवा १९९० च्या दशकात सिद्ध झाला नसता, तर हे सारे कागदावरच राहिले असते. त्या शोधाला २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे शिक्षकाने थांबावे आणि वर्गाला एकच प्रश्न विचारावा : मजले चढविल्याने काय काय वाढते?

जागा वाढते, हे मुले सांगतील. दहा फळ्या म्हणजे दहा वाफे. पाणीही वाचते, कारण ते जमिनीत मुरत नाही आणि तेच पाणी पुनःपुन्हा फिरविले जाते. पालेभाजीच्या बाबतीत ही बचत शेतातील पाण्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत जाते असे सांगतात. पण वरून पडणारे ऊन मजल्यांच्या संख्येने वाढत नाही. एका गुंठ्यावर जेवढे ऊन उतरते, तेवढेच उतरते. वरच्या फळीने ते घेतले की खालच्या फळीला सावली मिळते. कोकणातील आगरात आणि गोव्यातील कुळागरात ही गोष्ट शेकडो वर्षे पाळली गेली आहे. वर माड आणि पोफळी, त्यांच्या अंगावर चढलेली मिरवेल, मध्ये जायफळ, खाली केळ, त्याहून खाली अननस किंवा हळद. तेथे मजले आहेत, पण प्रत्येक मजल्यावर सावली सोसणारे पीक निवडलेले आहे. एकच ऊन चौघांत वाटून घेतलेले आहे. कुळागराच्या तळाशी कोणी ज्वारी पेरीत नाही. सिंगापूरमध्ये २०१२ साली उभ्या राहिलेल्या स्काय ग्रीन्स या शेतात नऊ मीटर उंचीच्या मनोऱ्यांवर भाजीच्या पन्हळी जत्रेतील आकाशपाळण्याप्रमाणे सावकाश फिरत, त्यामागील हेतू हाच. प्रत्येक पन्हळीला उन्हाची पाळी मिळावी, एवढीच ती व्यवस्था होती. पाळण्यात बसणाऱ्यांची संख्या वाढविता येते, ऊन नाही.

जेथे पाळीही पुरत नाही तेथे दिवा लावावा लागतो, आणि दिव्याला विजेचे देयक असते. हा हिशेब सातवीच्या मुलांनी स्वतः मांडावा. एक किलो ज्वारीत सुमारे ३,५०० कॅलरी असतात. एका युनिट विजेत ८६० कॅलरी. म्हणजे एक किलो धान्यात सुमारे चार युनिट ऊर्जा साठलेली आहे. पण ताटाला नुसते कणीस येत नाही. कडबा व मुळे यांत निदान तेवढीच ऊर्जा जाते. तेव्हा आठ युनिट. आता, उत्तम निगेत वाढलेले पीकसुद्धा आपल्यावर पडलेल्या दिव्याच्या प्रकाशाचा फार तर दहावा हिस्सा अंगात साठवू शकते. म्हणून ऐंशी युनिट प्रकाश हवा. आणि साधारण एलईडी दिवा विजेच्या निम्म्याच्या आसपास भागाचाच प्रकाश करतो. बाकीची उष्णता होते. ढोबळमानाने एकशेसाठ युनिट. एका युनिटास आठ रुपये धरले, तर एक किलो ज्वारीला केवळ उजेडाचा खर्च १,२८० रुपये. यात इमारत, थंडावा, पंप, मजुरी काहीच धरलेले नाही. हीच ज्वारी सूर्य फुकट पिकवतो. स्वच्छ दुपारी एक चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट ऊन पडते. गुंठ्याचे क्षेत्र सुमारे १०१ चौरस मीटर असल्याने, भर दुपारी एका गुंठ्यावर तासाला शंभर युनिट उतरतात. आपल्या बापाच्या दोन एकरांवर तासाभरात किती युनिट पडतात, हे मुलांनी काढावे. पुष्कळ मुलांना उत्तर चुकल्यासारखे वाटेल व ती पुन्हा गुणाकार करतील; करू द्यावा.

या हिशेबावरून बंद खोलीतील शेती पालेभाजीकडेच का वळली, हेही उलगडते. सॅलडच्या पानांत पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास पाणी असते. पाण्याला ऊर्जा लागत नाही. शिवाय पान सगळेच खाल्ले जाते, कडबा उरत नाही. जेथे ताजी भाजी दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही, तेथे ही पद्धत अत्यंत मोलाची ठरते. अंटार्क्टिकावरील जर्मनीच्या नॉयमायर-३ या केंद्राजवळ २०१८ साली एका बंद हरितगृहात केवळ साडेबारा चौरस मीटरांवर, दिव्यांच्या उजेडात, सुमारे साडेनऊ महिन्यांत २६८ किलो भाजी निघाली. बाहेर ध्रुवीय रात्र असताना तेथील माणसांनी काकडी व टोमॅटो खाल्ले. भारतात सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने रोगमुक्त बियाण्यासाठी बटाट्याची मुळे हवेत लोंबकळत ठेवून त्यांवर पोषक द्रावणाचे तुषार सोडण्याची पद्धत विकसित केली आहे. तेथेही माल थोडा आणि किमतीचा आहे. जेथे शेजारच्या शेतात तीच भाजी उन्हावर पिकते, तेथे मात्र गाडे अडते. अमेरिकेतील एरोफार्म्स या मोठ्या कंपनीने जून २०२३ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. बोअरी फार्मिंग ही दुसरी कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद पडली.

आता गावातल्या गोष्टी. ‘एका एकरात शंभर एकरांचे उत्पन्न’ अशा स्वरूपाच्या जाहिराती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचतात, आणि पुष्कळ घरांत त्या वाचून दाखविणारे बोट शाळेत जाणाऱ्या मुलाचेच असते. पालक मग शिक्षकाला विचारतात. शिक्षकाने होय किंवा नाही असे एका शब्दात सांगू नये; मांडणी पाहून प्रश्न विचारण्यास शिकवावे. फळ्यांची मांडणी दिसली की ती ‘उभी शेती’च असे समजण्याचे कारण नाही. अळंबीच्या खोलीत पिशव्या एकावर एक असतात. अळंबी उन्हावर जगतच नाही, ती भुशातले अन्न खाते. तिचे ऊन आदल्या हंगामातच गव्हाच्या शेतावर पडून गेले. रेशीमकिड्यांच्या संगोपनगृहात चार-पाच कप्पे असतात; पण बाहेर तुतीचा मळा असतो, आणि किड्यांचे खाद्य त्या मळ्यावरच्या उन्हातून येते. कप्पे वाढवले आणि तुती वाढली नाही, तर किडे उपाशी राहतील, हे रेशीम घेणाऱ्या घरातील लहान मूलही जाणते.

मातीविना चाऱ्याची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण ती दुष्काळात येते. बांबूच्या मांडणीवर तबकांत भिजवलेला मका पसरतात, आठ-दहा दिवसांत हिरवागार गालिचा तयार होतो, आणि एक किलो मक्याचा सहा-सात किलो चारा झाला असे वजनकाटा सांगतो. काटा खोटे बोलत नाही. वाढलेले वजन मात्र पाण्याचे असते. आठ दिवसांचे रोप मुख्यतः दाण्यातल्या साठ्यावरच जगते आणि वाढताना त्यातील काही भाग श्वसनात खर्च करते. म्हणून वाळवून तोलले तर कोरडा भाग मूळ मक्याइतकाही भरत नाही. हिरवा घास जनावरांना रुचतो, पचतो, आणि टंचाईच्या दिवसांत थोड्या प्रमाणात दिल्यास त्याचा उपयोगही होतो. परंतु कडब्याच्या गंजीच्या जागी ही तबके धरून गंजी विकून टाकणे म्हणजे जनावर उपाशी ठेवणे होय.

हा प्रयोग शाळेत अवश्य करावा. किराणा दुकानातील काट्यावर शंभर ग्रॅम कोरडा मका तोलून घ्यावा. तेवढाच दुसरा मका कागदाच्या पुडीत बाजूला ठेवावा. पहिला रात्रभर भिजवून ओल्या फडक्यावर पसरावा, रोज पाणी शिंपडावे, आठव्या दिवशी मुळांसह उचलून निथळू द्यावा व तोलावा. हे वजन फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे. नंतर ती रोपे कडक उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवावी, एकही मूळ सांडू न देता पुन्हा तोलावी, आणि पुडीतल्या मक्याशेजारी ठेवावी. बुरशी आली तर तो प्रयोग टाकून पुन्हा करावा. बुरशी आलेला चारा जनावरास घालू नये, हेही त्याच वेळी सांगावे.

दुसरा प्रयोग खिडकीशी करावयाचा आहे. तीन विटांच्या दोन थप्प्या करून त्यांवर फळ्या ठेवाव्या आणि तीन समान ताटल्यांत मेथी पेरून त्या एकाखाली एक मांडाव्या. पाणी सारखेच द्यावे. पंधरा दिवसांत खालची मेथी उंच, फिकट व लवचिक होऊन उजेडाकडे वाकेल. काही मुले ‘खालची उंच झाली, म्हणजे चांगली झाली’ असे म्हणतील. तेव्हा दोन्ही ताटल्यांतील वीस-वीस रोपे कापून, वाळवून, काट्यावर ठेवावी. वीस रोपांचे वजन काट्यावर उमटले नाही, तर संपूर्ण ताटली घ्यावी.

तिसऱ्यासाठी वर्ग शेतात न्यावा. तुरीची कापणी झाल्यावर मालकाची परवानगी घेऊन दोन खुंट मुळांसह खणून काढावे, एक भुसभुशीत जागेतला आणि एक जुन्या गाडीवाटेवरचा. दुसऱ्या खुंटाचे सोटमूळ कोठे वाकले, ते पट्टीने मोजावे. बेली यांचे नाव त्यानंतर सांगितले तरी चालेल.